मामा-मामीचं पक्ष्यांचं वेड

आज मिरजेला मामा-मामीकडे गेले होते. लग्न झाल्यापासून दोघांना पक्ष्यांचं वेड. गच्चीवर जाळीच्या खोलीत कॉकाटील आणि लव्हबर्ड, म्हणजे छोटे परदेशी पोपट. आपला हिरवा पोपट मात्र नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळता येत नाही, आणि पाळूही नये, असं मामा ठामपणे म्हणतो. मला ते फार पटतं.

कॉकाटीलचं जोडपं अंडी आळीपाळीने उबवतं, दिवसा बहुतेक नर, रात्री मादी. जवळपास तीन आठवडे! एखादं पिल्लू मागे पडलं की मामी रात्री उठून कोमट पेज भरवते. आधी थेंब मनगटावर घेऊन बघते, कारण गरम घासाने पिल्लाची गळ्याजवळची अन्नाची पिशवी भाजते. किती माया लागते याला! सत्तरीतला मामा आज नव्या जोडीसाठी लाकडी पेटी ठोकत होता.