खचलेला कोपरा

परभणीचं आमचं घर काळ्या मातीवर उभं आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्यात मोरीचं पाणी पायाशी मुरत राहिलं आणि खिडकीपासून छतापर्यंत तिरपी भेग गेली, बोट जाईल एवढी.

सगळे म्हणाले, बुजवा आणि रंग मारा. इंजिनिअरनी मात्र आधी भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. ती तडकली, म्हणजे भिंत अजून हलत होती.

मग पायाखाली खोदाई. सलग अजिबात नाही, नाहीतर भिंतच बसेल! मीटरभराचा एक टप्पा, शेजारचा सोडून पुढचा. कडक मुरूम लागेपर्यंत उकरायचं, काँक्रीट भरायचं, ते पक्कं झालं की जुन्या दगडी पायाखालची फट कोरडसर मसाल्याने ठासायची. मिस्त्रीमामा लाकडी ठोकळ्याने मसाला ठोकत होते आणि आई प्रत्येक ठोक्याला भिंतीकडे बघत होती. बाबांनी बांधलेलं घर ते.

मोरीचा पाइप बदलला, घराभोवती बाहेर उतार देऊन फरशी केली. काळ्या मातीत नवं बांधणार असाल, तर इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइलबद्दल नक्की विचारा. तळाशी फुगीर असलेले हे काँक्रीटचे खांब साधारण साडेतीन मीटर खोल, न हलणाऱ्या थरापर्यंत जागेवरच ओततात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने त्यावर मोठं काम केलंय.