तुम्ही विचारलंत म्हणून: चाळीस वर्षं करत काय होतात?

लग्न असो की मुंज, पंगतीत आमच्या भाऊजींचा प्रश्न ठरलेला. "काय वहिनी, चाळीस वर्षं करत काय होतात तुम्ही लोक?" तुम्ही लोक म्हणजे तेजसवाले, तेजस हे देशी लढाऊ विमान बनवणारे. मी त्यातली एक, आणि तीही काही मोठी नव्हे. तेजससाठी भाग घालून देणाऱ्या बंगळुरूच्या एका कॉम्पोझिट शॉपमध्ये, म्हणजे कार्बनच्या कापडाचे भाग बनतात त्या विभागात, नोकरी केली आणि निवृत्त झाले. पण घरच्यांच्या लेखी ते विमान मीच बनवलं आणि उशीरही मीच केला. भाच्याची तऱ्हा वेगळी. तो मोबाइलवर तक्ते पाठवतो. तेजस विरुद्ध पाकिस्तानचं जेएफ-१७, तेजस विरुद्ध स्वीडनचं ग्रिपेन, एका रकान्यात वेग, दुसऱ्यात किती किलो शस्त्रं, आणि खाली, "आत्या, खरं सांग."

तर एकदाच लिहून ठेवते. पुढच्या पंगतीत मला जिलबी गरम असताना खायची आहे.

आधी माझी वजाबाकी. १९८३ला मंजुरी मिळाली हे खरं, पण तेव्हाचे ५६० कोटी तयारीचे होते. पूर्ण विकासाचे पैसे १९९३ला मिळाले. म्हणजे दहा वर्षं वजा. मे १९९८मध्ये पोखरण झालं आणि अमेरिकेत उड्डाण-नियंत्रणावर काम करायला गेलेल्या आपल्या माणसांना घरी पाठवण्यात आलं, सामान तिकडेच अडकलं. ते दिवसही वजा. तेजस मुद्दाम अस्थिर बनवलेलं विमान आहे. संगणकाने क्षणाक्षणाला सावरलं नाही तर वैमानिकाच्या हातात ते राहणारच नाही. ते सावरण्याची सूत्रं इथे, आपल्या लोकांनी लिहिली, आणि ४ जानेवारी २००१ला पहिल्यांदा उडालेलं विमान अठरा मिनिटांनी नीट उतरलं. ग्रिपेनचं काय झालं होतं? १९८९ला पहिलं नमुना विमान उतरताना धावपट्टीवर आपटलं आणि १९९३ला स्टॉकहोममध्ये, खाली गर्दी असताना, दुसरं कोसळलं. दोन्ही वेळा भानगड नियंत्रण-प्रणालीची. "आमचं एकही पडलेलं नाही," हे मी मार्च २०२४पर्यंत, म्हणजे जैसलमेरजवळ पहिलं तेजस पडेपर्यंत, मान ताठ करून सांगत होते.

आता तेच वाक्य घशात अडकतं. आपटलेल्या विमानातून शिकून स्वीडनने ग्रिपेन नव्वदच्या दशकातच हवाई दलात दाखल केलं. आमची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली १ जुलै २०१६ला, तीही मूठभर विमानांवर. न पडणं हा आमचा गुण होता, की पडण्याइतकं आम्ही उडतच नव्हतो? तेव्हाच्या मला हे कुणी विचारलं असतं, तर मी ताटावरून उठले असते.

इंजिनाचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. तेजससाठीच्या आपल्या कावेरी इंजिनाचं काम १९८९ला सुरू झालं. वजन ठरल्यापेक्षा वाढलं, जोर कमी पडला आणि २००८मध्ये ते तेजसपासून वेगळं काढलं. टर्बाइनच्या पात्याला ज्या हवेत फिरायचं असतं ती पात्याच्या धातूच्या वितळबिंदूहून तापलेली असते. पातं आतून थंड ठेवायचं, एका स्फटिकात ओतायचं, ही विद्या कुणी विकत देत नाही. भाऊजी म्हणतात, मग अमेरिकन इंजिन लावून स्वदेशी कसलं? भाऊजी, राफेलचं पहिलं प्रात्यक्षिक विमान १९८६ला जनरल इलेक्ट्रिकच्या याच एफ-४०४ इंजिनांवर उडालं. ग्रिपेनचं इंजिनही त्याच घराण्यातलं. फरक एवढाच, की फ्रेंचांचं स्वतःचं एम-८८ मागोमाग तयार झालं आणि आम्ही अजून जनरल इलेक्ट्रिकच्या वाटेकडे डोळे लावून बसलो आहोत. ८३ तेजसची, त्यातली बहुतेक मार्क-१ए या सुधारित आवृत्तीची, ऑर्डर फेब्रुवारी २०२१ची, त्यांच्यासाठीच्या ९९ इंजिनांमधलं पहिलं आलं मार्च २०२५मध्ये. हे सांगताना मला नेहमी बरं वाटतं. का बरं वाटतं, ते पुढे येईल.

तक्त्यांबद्दल भाच्याला एकच सांगते. जेएफ-१७ बहुतांश धातूचं, रशियन इंजिनावर, चीनच्या मदतीने झालेलं. यंत्र म्हणून आमचं सरस, असं माझं मत आहे. पण ते २०१०पासून पाकिस्तानच्या स्क्वॉड्रनमध्ये आहे, आणि तुझ्या तक्त्यात 'किती वर्षं वापरात' हा रकानाच नाही. चीनशी तर तुलना करूच नकोस. १० जानेवारी २०११ला तेजसला सुरुवातीची परवानगी मिळाली, आम्ही शॉपमध्ये पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी चीनचं जे-२० हे रडारला चुकवणारं लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं. पेढ्याचा डबा अजून माझ्या टेबलावर होता.

आमचे नाना नाशिकजवळ ओझरला मिगच्या कारखान्यात होते. मिग-२१ जुळवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ते म्हणत, रशियन ड्रॉइंगमध्ये भोक जिथे दाखवलंय तिथेच पाडायचं, का ते विचारायचं नाही. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे 'का' विचारता येतं ना?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं होतं.

आता ती गोष्ट. ती मी कुठल्याच पंगतीत सांगितलेली नाही.

तेजसचा बाहेरून दिसणारा बहुतेक सगळा भाग कार्बनच्या कापडाचा आहे. राळ मुरवलेलं हे कापड, आम्ही त्याला प्रीप्रेग म्हणायचो, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये असतं. बाहेर काढलं की पिशवी लगेच फोडायची नाही, नाहीतर दव धरतं. मग साच्यावर एकावर एक थर, प्रत्येकाची दिशा ठरलेली, सरळ, तिरपा, आडवा. प्रत्येक थराच्या पाठीला एक पातळ फिल्म चिकटलेली असते. थर दाबून बसवायचा, फिल्म सोलायची आणि डब्यात टाकायची. आम्ही तिला पेपरच म्हणायचो. सगळे थर झाले की डबा उलटा करून पेपर मोजायचे. जितके थर तितके पेपर. एक जरी कमी भरला तर तो आत राहिलाय.

थर घालणारे आमचे एक तंत्रज्ञ होते. वयाने मोठे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा हात असा, की सुरकुती पडली तर बघण्याआधी बोटाला कळायची. त्या संध्याकाळी पंखाच्या स्किनचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा, एक भाग पूर्ण होत आला होता. तो उडणाऱ्या विमानाचा नव्हता, ताकद तपासायला मोडून बघायच्या नमुन्याचा होता. रात्री ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली भाग भाजायची भट्टी, आम्हाला मिळणार होता. ती पाळी हुकली की पुढची कधी मिळेल याचा नेम नसे. घरी मुलीला ताप होता. हे कारण म्हणून सांगत नाही. म्हणजे, कारण म्हणूनच सांगतेय.

अण्णा म्हणाले, "मॅडम, पेपर."

मी म्हटलं, "तुम्ही मोजलेत ना?"

त्यांनी मान हलवली. बंगळुरूत इतकी वर्षं काढल्यावर मला ठाऊक होतं, की ती तशी हललेली मान 'हो' असते, 'ऐकलं' असते, आणि 'तुम्ही म्हणाल तसं' ही असते. मी 'हो' घेतलं. तक्त्यावर 'मोजले'पुढे सही केली आणि साडेसातची बस पकडली.

रात्रभर १८० अंश तापमान आणि वरून दाब. तिसऱ्या दिवशी अल्ट्रासॉनिक तपासणीत पडद्यावर एक पट्टी दिसली. बोटभर लांब, कडा अगदी सरळ. हवेचा फुगा असा सरळ नसतो. तिथे उभ्या असलेल्या कुणालाच ते काय आहे हे विचारावं लागलं नाही. दोन थरांच्या मध्ये पेपरचा फाटलेला तुकडा, त्या जागी थर एकमेकांना चिकटलेले नाहीत, आणि पडलेला भार ती फट पसरवत जाणार. भाग बाद.

चौकशी झाली. मला विचारलं, "पेपर मोजले होते?" मी म्हणाले, "माझी सही आहे." वाक्य खरं होतं. अण्णांना विचारलं तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले. अहवालात 'ऑपरेटरची चूक' असं आलं आणि अण्णांना स्टोअरमध्ये पाठवलं. सुरकुती बोटाने ओळखणारा माणूस नटबोल्टच्या खोक्यांना चिठ्ठ्या लावत बसला. नवा भाग घालायला चार महिने गेले, कारण पुढचं कापड बाहेरून यायचं होतं. महिन्याचा प्रगती-अहवाल मी लिहायची. त्या चार महिन्यांपुढे मी लिहिलं, 'कच्चा माल मिळण्यात विलंब'. तेही खरंच होतं.

हे सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, चार महिन्यांनी काय होतं? काहीच होत नाही. त्या चार महिन्यांमुळे तेजस उशिरा आलं असं मी म्हणतच नाही. इंजिन, निर्बंध, हवाई दलाच्या बदलत्या मागण्या, उशिरा मिळालेले पैसे, या सगळ्यांपुढे माझा पेपरचा तुकडा कुठेच नाही. पण अशी किती वाक्यं, किती शॉपमध्ये, किती अहवालांत लिहिली गेली असतील, हे मला मोजता येत नाही. कदाचित फक्त माझंच होतं. म्हणून जनरल इलेक्ट्रिकची इंजिनं उशिरा आली, हे सांगताना मला बरं वाटतं. तो उशीर खरोखर त्यांचा असतो.

माझंच दुसरं मन म्हणतं, बाई, स्वतःला फार मोठं करू नकोस. राफेलच्या शॉपमध्ये कुणी पेपर विसरलं नसेल? विसरलं असेलच. त्यांनी ते कुणाच्या नावावर लिहिलं, एवढंच मला बघायचं आहे, आणि ते मला कधीच कळणार नाही.

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला मिग-२१ला निरोप दिला. आदल्याच दिवशी आणखी ९७ तेजसचा करार झाला होता. १७ ऑक्टोबरला ओझरहून तिथे बनलेलं पहिलं मार्क-१ए उडालं, नानांच्या कारखान्यातून. धाकट्या भावाने फोनवर आवाज ऐकवला. महिनाभरानंतर, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या प्रदर्शनात कसरती करताना एक तेजस कोसळलं आणि वैमानिक गेला. भाच्याचा मेसेज आला, "आत्या, आता?" त्याला खाली तक्ता नव्हता. मी उत्तर दिलं नाही. का पडलं हे मी सांगू शकत नाही, आणि टीव्हीवर पहिल्या तासात सांगणाऱ्यांनाही ते सांगता येत नव्हतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि डोळ्यांपुढे दुबई नव्हती. पेपरचा तो डबा होता.

अण्णा स्टोअरमधूनच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी हार घेऊन गेले होते. त्यांनी तो हातात घेतला, घातला नाही, आणि म्हणाले, "मॅडम, मुलगी बरी आहे ना?" ताप येऊन सहा वर्षं झाली होती. मी बरी आहे म्हणाले.

भाऊजी, पुढच्या महिन्यात तुमच्या मेहुण्याकडे लग्न आहे. तुम्ही विचारालच. मी बहुतेक १९९३ला मिळालेल्या पैशांचंच सांगेन.