पसरणी घाट उतरून आलेली झेन

सकाळी गॅरेजचं शटर अर्धं वर केलं तोच एक पांढरी मारुती झेन दारात येऊन थरथरत उभी राहिली. १९९७ची, ९९३ सीसी, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळायला जुन्या पद्धतीचा कार्बोरेटर असलेली. गाडी पाचगणीच्या एका निवृत्त सरांची. ब्रेक दगडासारखा लागत होता म्हणून त्यांनी पसरणी घाट अख्खा दुसऱ्या गिअरवर उतरवला होता. खाली उतरले तरी बोटं आखडलेलीच.

आयडलिंगचा त्रास मात्र वर्षभराचा. उभ्या गाडीत इंजिन खाली-वर नाचायचं, गर्दीत बंद पडायचं. दोन ठिकाणी कार्बोरेटर खोलून झाला होता. दुसऱ्याने तर सांगून टाकलं होतं, "सर, पाचगणीची हवा पातळ. जुनी गाडी अशीच चालणार."

हवा पातळ हे खरंच. पाचगणी जवळपास तेराशे मीटरवर, आमचं वाई सातशेच्या आसपास. पण हवा पातळ झाली की कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचं प्रमाण वाढतं, प्लग काळे होतात. मी काढले तर चारही पांढरेफटक. म्हणजे हवा कमी पडत नव्हती, कुठूनतरी जास्तीची आत शिरत होती.

मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल जातं त्या वाटेला, व्हॅक्यूम गेज लावला. इंजिन हवा किती जोरात ओढतं, ते तो इंचांत दाखवतो. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला १८ ते २२ इंच दाखवतं, पुढे दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. वाईत सोळा-सतरा तरी हवेत. काटा बाराच्या वर जाईना.

मग पक्कडीच्या टोकांना कापड गुंडाळून एकेक पाईप दाबत गेलो. जो दाबल्यावर इंजिन सुधारतं, त्याच्या पुढे गळती. ब्रेक बूस्टर इंजिनच्या याच ओढीवर पेडलला जोर देतो; त्याचा जाडा पाईप मधोमध दाबला, काही फरक नाही. तो सोडून दिला आणि कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटवर पाणी फवारत बसलो. दोन तास गेले. शेवटी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानात, दुसरं इंजिनभोवती फिरवत गेलो. बूस्टरचा पाईप मॅनिफोल्डला बसतो तिथे, अगदी खालच्या अंगाला, सूंऽऽ असा आवाज. क्लिपखाली चीर होती. मी पक्कड लावली चिरीच्या पलीकडे, बूस्टरच्या बाजूला. मग फरक पडणार कसा? वीस वर्षं हे काम करून ही चूक. पोऱ्या हसला, मी त्याला चहा आणायला पाठवलं.

एक पाईप गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा बारीक पाईप हात लावल्यावर मऊ, पारदर्शक लागला. पुसून पाहिलं तर सलाईनची नळी! कुणीतरी वेळ मारून नेली होती. इंजिनच्या उष्णतेने ती बसून चपटी झाली होती. गाडी दम का टाकते, ते आता कळलं. अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी थोडी आधी पडणं, मिळतच नव्हता.

मोबाईलवर फोटो काढून घेतले आणि एक पाईप काढला की त्याच मापाचा कापून लगेच बसवायचा, असं चाललं. सगळे एकदम काढले की कुठला कुठे, हा गोंधळ ठरलेला. जुना पाईप ओढायचा नाही, ब्लेडने उभा चिरून सोलायचा, हे मी पोऱ्याला दहादा सांगतो. आणि एसीसाठी आयडल वाढवणाऱ्या व्हॉल्व्हवरचा पाईप मी स्वतःच पिळून काढला. प्लास्टिकचं बोंडूक कडकन तुटून हातात आलं. तो व्हॉल्व्ह वाईत कुठे मिळायला? पोऱ्या साताऱ्याला भंगारात जाऊन दुपारी घेऊन आला. त्याचे पैसे सरांकडून घेतले नाहीत.

चार वाजता गाडी चालू केली तर इंजिन भणाणलं, पेट्रोलचा वास सुटला. सर खुर्चीतून उठले. "हे काय? सकाळी बरी होती की!" साहजिकच होतं. गळती झाकायला आधीच्यांनी आयडलचा स्क्रू चढवला होता, मिक्स्चरमध्ये पेट्रोल वाढवलं होतं. आता चोरटी हवा बंद, पण स्क्रू तिथेच. पाव-पाव फेरा मागे घेत ९०० आरपीएमवर आणलं. काटा सतराला लागला आणि हलला नाही.

ब्रेक सरांनाच बघायला लावला. इंजिन बंद करून पेडल पाच वेळा दाबलं, मग दाबून धरलेलं असतानाच चावी मारली. पेडल त्यांच्या पायाखाली अलगद खाली गेलं. त्यांनी पुन्हा इंजिन बंद केलं, पुन्हा तेच करून पाहिलं. तिसऱ्यांदाही.

जुने तुकडे मी कचऱ्याच्या डब्यात टाकले होते. निघताना सरांनी त्यातून सलाईनची नळी शोधायला लावली, रुमालाने पुसली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. कुणाला दाखवायची, ते काही बोलले नाहीत.