हळद नको, डाळिंबाची साल घ्या

इथे इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये घरच्या शेगडीवर लोकर रंगवणारे पुष्कळ आहेत. माण, आटपाडी, जतकडच्या मंडळींना हे करून बघायचं म्हटलं, की पहिली आठवते ती सांगलीची हळद. लोकरीवर ती झकास चढते, पण उन्हात टिकत नाही. शिवाय साबण लागला की लालसर पडते. सदऱ्यावरचा हळदीचा डाग धुताना होतं तेच, साबणातल्या क्षारामुळे. त्यापेक्षा आटपाडीच्या डाळिंबाची साल वाळवून ठेवा. तिच्यातलं टॅनिन तुरटीच्या जोडीने लोकरीला घट्ट धरतं आणि पिवळा रंग बराच पक्का बसतो.

माप कोरड्या 100 ग्रॅम सुताचं: वाळलेली साल 100 ग्रॅम, तुरटी 12 ग्रॅम, पाणी 4 लिटर. पातेलं स्टीलचंच, कारण लोखंडात रंग काळवंडतो. ते पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

आधी सूत स्वच्छ हवं. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावलेली असेल तर कोमट पाण्यात भिजवून ती पूर्ण काढा. खळ राहिली तिथे रंग शिरत नाही आणि ठिपके पडतात. इथल्या लोकरीतली मेणचट चरबी काढायला 60 अंशांचं पाणी लागतं. दख्खनी लोकरीत चरबी कमी, पण माती आणि कुसळं भरपूर, म्हणून दोन-तीन पाणी जास्त बदला.

सुताची लड चार ठिकाणी सैल बांधा आणि तासभर पाण्यात भिजवा. तुरटी गरम पाण्यात विरघळवून पातेल्यात घाला, लड सोडा आणि पाऊण तासात हळूहळू 80-85 अंशांपर्यंत न्या. तिथे पाऊण तास ठेवा आणि रात्रभर त्याच पाण्यात निवू द्या. साल वेगळी रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी तासभर मंद उकळा, गाळा, कोमट होऊ द्या. त्यात लड घालून पुन्हा त्याच चालीने तासभर.

घाई इथेच नडते. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात ते सैल होतात, आणि त्यात पळी फिरवली किंवा लड एकदम गार पाण्यात टाकली की एकमेकांत अडकतात. लड आटते, नमदा होतो म्हणजे धागे दाबून एकजीव होतात, आणि तो पुन्हा सुटत नाही. म्हणून ढवळू नका, फक्त हलकेच वर-खाली करा.

राखाडी-हिरवट छटा हवी तर शेवटी 2 ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार) पाण्यात विरघळवून 10 मिनिटं. त्याहून जास्त घातला तर धागा ठिसूळ होतो.

पाण्याचाही हात असतो. इथल्या ब्रॅडफर्ड शहराचा लोकर धंदा वाढला त्याला पेनाइन टेकड्यांवरचं मऊ पाणीही कारण झालं. बोअरच्या जड पाण्यात रंग मळकट येऊ शकतो. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम.

पुडीतले आम्ल रंग (आम्ल घालून लोकरीवर चढवायचे तयार रंग) वापरायचे असतील तर मध्यम छटेला 100 ग्रॅमला 1 ग्रॅम पुरतो. पूड मोजताना तोंडाला मास्क हवाच. रंगाच्या पाण्यात लड भिजली, गरम झाली, की वीस मिनिटांनी 5 ग्रॅम लिंबूसत्व थोडं थोडं घाला. आधीच घातलं तर रंग एकाच जागी धावतो. पाणी नितळ झालं की रंग चढला समजा. सुती कापडावर मात्र हे रंग धरत नाहीत.

आणि काळ्या लोकरीवर काहीच दिसत नाही. पांढरी निवडून वेगळी ठेवा. राखाडीवर मात्र पिवळा असा गहिरा उतरतो की पांढऱ्यावर तसा कधी येत नाही.