मनूच्या सीबीसीचा दिवस

शनिवार, रात्री उशिरा

आज मनूचं रक्त काढून आणलं. रडली, पण तिचे हातपाय कुणाला दाबून धरावे लागले नाहीत. मला इतका आनंद झालाय की झोपायच्या आधी सगळं लिहून काढतेय. पुढच्या महिन्यात हेच पुन्हा करायचंय.

मनू साडेचार वर्षांची आहे. तिला सिकलसेल आहे, एसएस प्रकारचा, म्हणजे आई-बाबा दोघांकडूनही आलेला, लाल पेशींना विळ्यासारखा आकार देणारा रक्ताचा आजार. विदर्भात या आजाराचं नाव नव्याने सांगावं लागत नाही. यंदा तिला हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं. या औषधाने गर्भातल्या बाळाच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन वाढतं आणि पेशींचा विळा होण्याचं प्रमाण कमी होतं. पण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही खाली येऊ शकतात, म्हणून डोस वाढवत नेताना साधारण दर चार आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करावी लागते. डोस बसला की दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे सुई तिच्या आयुष्यातून जाणारच नाही. म्हणून ‘एकदाच तर टोचायचंय, रडू दे थोडी’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. तिच्यासाठी ते एकदाच कधीच नसतं. आजची सुई कशी गेली, त्यावर पुढच्या वेळी ती दारातून आत येईल की नाही हे ठरतं.

गेल्या वर्षी एका लॅबमध्ये तिला टेबलावर आडवं झोपवलं, एकाने खांदे दाबले, एकाने गुडघे, आणि शीर सापडेना म्हणून सुई आतल्या आत फिरवत राहिले. त्यानंतर स्पिरिटचा वास आला तरी ती हात फ्रॉकखाली लपवायची. नखं कापायला बसवली तरी किंचाळायची. ‘लहान आहे, विसरून जाईल,’ असं तिथले लोक म्हणाले. लहान मूल असं विसरत नाही.

मुलांच्या दुखण्याकडे डॉक्टरांचंही लक्ष उशिरा गेलं. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांची ऑपरेशनंसुद्धा पुष्कळदा अगदी जुजबी भुलीवर होत, कारण त्यांना फारसं दुखत नाही असा समज होता. इंदूरला एमबीबीएस होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी नीट वेदनाशामक दिलं, तर त्यांच्या शरीरावरचा ताण खूप कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही घटते. ऑपरेशनसारख्या गोष्टीत हे इतक्या उशिरा कळलं, तर एका सुईचं दुखणं कोण मनावर घेणार? ते घरच्यांनीच मनावर घ्यायचं.

आजचं सांगते. सकाळी उठल्याबरोबर मनूला सांगितलं, आज रक्त काढायचं आहे. चार दिवस आधी सांगितलं तर ती चार दिवस भीत राहते, आणि लॅबच्या पायरीवर सांगितलं तर माझ्यावरचा विश्वासच उडेल. ‘दुखणार नाही’ असं मी म्हणत नाही. ‘टोचेल, मग मी दहा म्हणेपर्यंत संपेल’ एवढंच सांगते.

सीबीसीला उपाशीपोटी जावं लागत नाही. हे मी प्रत्येक नव्या आईला सांगते, कारण आपल्याकडे रक्त म्हटलं की मूल उपाशी, असं ठरलेलंच असतं. मनूला पोहे दिले, दूध दिलं, आणि मधे मधे पाणी पाजत राहिले. रात्रभर पाणी पोटात नसलं की शिरा बसलेल्या असतात. सिकलसेलच्या मुलाला तर पाणी असंही भरपूर लागतं. शिवाय सध्या नागपुरात पहाटे हात गारठतात, म्हणून तिला स्वेटर घालून, कोमट पाण्याची पिशवी हातांवर ठेवून नेलं. हात ऊबदार असला की शीर वर येते.

मलम तासभर आधी लावलं. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असलेलं, कातडी बधिर करणारं. ते चोळायचं नाही, जाड थर द्यायचा आणि वरून पारदर्शक पट्टी लावायची, म्हणजे मूल चाटत नाही. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला लावते, कारण कोणती शीर सापडेल ते आधी कळत नाही. लॅबमधल्या टेक्निशियन ताईंनी मागच्या वेळी चांगली शीर बोटाने चाचपून दाखवली होती, तो ठिपका मी नेमका लक्षात ठेवलाय. पट्टी काढली की खालची कातडी पांढरी फटक दिसते, शीरही दबलेली असते. म्हणून सुईच्या पाच-दहा मिनिटं आधी मलम पुसायचं. हे मलम कुणीही आपल्या मनाने लावू नये. जी-सिक्स-पीडी या लाल पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांना त्यातून त्रास होऊ शकतो. मनूची ती तपासणी करून, किती लावायचं हे विचारूनच आम्ही सुरू केलं.

आणखी एक महत्त्वाचं. सुईच्या जागी बर्फ किंवा गार स्प्रे वापरायचा सल्ला पुष्कळ जण देतात. इतर मुलांना चालतही असेल. सिकलसेलच्या मुलाला नको. गारठ्याने शिरा आकसतात आणि दुखण्याचा झटका सुरू होऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. टेबलावर झोपवायचं नाही. मी खुर्चीवर बसले, मनू माझ्या मांडीवर, तोंड माझ्याकडे, पाय माझ्या कमरेभोवती. डावा हात माझ्या काखेखालून मागे काढलेला, ताईंच्या समोर. मिठी मारलेली असते, हात आपोआप स्थिर राहतो, आणि मुलाला कोंडल्यासारखं वाटत नाही. कोणता हात हे मनूनेच निवडलं. ‘रक्त काढू या का?’ असं मात्र मी विचारत नाही. तिथे तिला खरी निवड नाहीच, मग तसं विचारून फसवायचं कशाला?

माझ्या खांद्यामागे तिचे बाबा साबणाचे फुगे उडवायला उभे होते. काडी तिच्या ओठांसमोर धरली होती. हळू, लांब फुंकर मारली तरच मोठा फुगा येतो, हे तिला आता पक्कं जमतं. रबराचा पट्टा आवळला तसा तिचा श्वास अडकला. मग तिने फुंकर मारली, फुगा ताईंच्या मास्कला जाऊन फुटला, आणि त्याच वेळी बारीक बटरफ्लाय सुई आत गेली. ‘आई गं’ म्हणाली, रडली. मी ‘काही नाही, काही नाही’ म्हटलं नाही. मुलांच्या दुखण्यावर काम करणारे डॉक्टर सांगतात की असं धीराचं बोलणं उलट मुलाची भीती वाढवतं. आईच घाबरली आहे असं त्याला वाटतं. ‘टोचलं ना? फुंकर मार, अजून एक,’ एवढंच म्हणाले. जांभळ्या झाकणाच्या छोट्या नळीत अर्धा मिली रक्त घेतलं. मोठी नळी भरायची गरज नसते, लहान मुलांची नळी मागून घ्यावी.

घरी आल्यावर आजीने विचारलं, ‘काहून रडली वं माय?’ पूर्वी आजी जेवताना म्हणायच्या, ‘खाय नाही तं डॉक्टर सुई टोचन.’ आमच्या घरात ते आता बंद आहे. मी त्यांना शांतपणे समजावलं की तिला सुई घ्यावीच लागते, ती शिक्षा आहे असं तिला वाटता कामा नये. आज त्या मनूला जवळ घेऊन म्हणाल्या, ‘टोचते बाई, पन मी हावो तुह्याजोळ.’ मला भरून आलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, आणि प्लेटलेट्स ठीक आहेत, डोस थोडा वाढेल.

पुढची तारीख आम्ही वरोऱ्याला असताना पडते, तेव्हा मनूला मावशी नेणार, म्हणून तिच्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली. मलम, पाणी, मांडीवर बसवणं, फुगे, सगळं त्यात आलं. सगळ्यात खाली ठळक अक्षरात लिहिलंय: दोनदा टोचून शीर सापडली नाही तर तिसऱ्यांदा त्याच माणसाला टोचू द्यायचं नाही. दुसऱ्या सवयीच्या माणसाला बोलवायचं, नाहीतर घरी परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी जायचं. सीबीसी एक दिवस उशिरा झाली तरी चालते. फक्त ताप असेल तर थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा आणि मला फोन करायचा.