कपाटातल्या कादंबऱ्या आणि पडद्याचं गणित

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. प्रार्थना, प्रयोगशाळा आणि सहलीची एसटी यांवर बाकीचे लिहितीलच. मी ग्रंथालयातल्या कादंबऱ्यांच्या कपाटाकडे वळतो. माजी विद्यार्थी जमले की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘या कादंबरीवर पिक्चर निघायला हवा!’ पटकथेचं काम करणाऱ्याला हे ऐकून आधी वेगळेच प्रश्न पडतात: पानं किती, ऋतू किती आणि हक्क कुणाकडे?

आपल्या गावाला या विषयाशी नातं जोडायला लांब जावं लागत नाही. फाळके त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी बिऱ्हाड नाशकात आणलं आणि १९१७ चं ‘लंकादहन’ इथेच केलं. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली. अत्र्यांच्या चित्रपटाने २० वर्षांनी तिच्यावर राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं. ते पुस्तक पडद्यावर का उतरलं, हे बघण्यासारखं आहे. भावना उत्कट आहेत म्हणून नव्हे. त्यातली प्रत्येक रात्र एखाद्या दिसणाऱ्या कृतीवर उभी आहे म्हणून. अंघोळ झालेल्या मुलाच्या तळव्यांना माती लागू नये यासाठी आई धोंड्यावर ओचे पसरते. संवाद काढून टाकला तरी हा प्रसंग कळतो. कादंबरी निवडताना मी हीच परीक्षा लावतो: आवाज बंद करून किती उरतं?

मग हिशेब. अडीचशे पानांची कादंबरी मोठ्याने वाचायला नऊ-दहा तास लागतात, चित्रपट दोन तासांचा. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळ मानाने पडद्यावरचं एक मिनिट. म्हणजे १२० पानं, साठ ते ऐंशी दृश्यं. पुस्तक दोनदा वाचायचं. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करायचं: कुठे, कोण आणि प्रसंग संपताना काय बदललं. तिसरा रकाना कोरा राहिला तर कार्ड बाजूला. यात हमखास आवडती पानं जातात. नवा लेखक मग ती निवेदनाच्या आवाजात परत आणतो आणि सिनेमाचं श्राव्य पुस्तक होतं. उलट उदाहरण ‘सिंहासन’चं. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्या. पात्रांची गर्दी असूनही प्रेक्षक हरवत नाही, कारण दिगू टिपणीस हा पत्रकार सगळ्या दारांतून ये-जा करतो. असा धागा सापडला तर पानांची भीती निम्मी कमी होते.

माझ्या यादीत पहिली विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९ ची. छोटेखानी कादंबरी, जवळजवळ सगळी एका जहाजावर घडते. युरोपातून निघालेला चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. मुंबई येते, तो उतरतो, तिला उतरता येत नाही. पटकथाकाराला याहून सरळ घड्याळ कुठे मिळणार? चक्रधरच्या मागच्या आयुष्यातली प्रेयसी उमा मी पडद्यावर दाखवणार नाही, एका वाक्यात भागवीन. खरी अडचण भाषेची. पुस्तकात सगळे मराठीत बोलतात, ते वाचताना खटकत नाही. पडद्यावर हॅर्टा मराठी बोलली की संपलं. चक्रधर आणि त्याचा जहाजावरचा सोबती शिंदे यांनी आपसात मराठी बोलावं, इतरांशी तोडकं इंग्रजी, खाली मराठी अक्षरं. निर्मात्याकडून हे पहिल्या बैठकीतच मान्य करून घ्यावं, डबिंगच्या वेळी नाही.

जहाज भाड्याने घ्यायची गरज नाही. चाळीस फुटांचा बोळ, दोन केबिन आणि डेकच्या कठड्याचा एक तुकडा एवढं स्टुडिओत बांधलं की झालं. बोळाची एक भिंत बिजागरीवर ठेवायची, नाहीतर कॅमेरा आत मावत नाही. फसगत होते ती हेलकाव्यांत. पैसे वाचवायला सेट स्थिर ठेवतात आणि कॅमेराच डोलवतात. मग छताचा टांगता दिवा भिंतीबरोबर कलतो. खऱ्या जहाजात भिंत कलते, दिवा मात्र ओळंब्यासारखा लोंबत राहतो आणि पेल्यातलं पाणीही आपली पातळी सोडत नाही. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण डोळ्याला खोटं लगेच कळतं. उपाय साधा: दिव्याला बारीक काळा दोरा बांधायचा, एकाने तो उलट्या दिशेने ओढायचा आणि कॅमेरावाल्याने व त्याने एकच मोजणी करायची, दहा-बारा सेकंदांना एक हेलकावा. पेला तेवढा चौकटीबाहेर.

दुसरी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’. धरणग्रस्तांची ही कथा नाशिककरांना समजावून सांगायला नको. गंगापूर, मुकणे, वैतरणा मे महिन्यात खाली गेली की काठचा तडकलेला गाळ आपण पाहतोच. या कादंबरीचं चित्रीकरण एका ऋतूत होत नाही. उभं गाव आणि घरं उतरवण्याची दृश्यं मे महिन्यात. माणसं कौलं, वासे, दारांच्या चौकटी काढून नेतात, तो भाग म्हणजे सिनेमाचा कणाच. पाणी चढल्याची दृश्यं ऑगस्ट-सप्टेंबरात. मधले तीन महिने नटांच्या तारखा, दाढी-केस आणि कपड्यांवरचे डाग जसेच्या तसे सांभाळायचे. मे महिन्यात एखादा शॉट राहिला तर पुढच्या मे महिन्यापर्यंत विसरा. जलसंपदा विभागाची परवानगी आधी हवी. पिण्याच्या पाण्याच्या काठावर सेटसाठी थर्माकोल किंवा प्लास्टर चालणार नाही. बांबू, कुडाच्या भिंती आणि माती एवढंच वापरावं.

इगतपुरीत पावसाचं दृश्य घेऊ म्हणणाऱ्यांना एक सूचना. समोरून उजेड असेल तर खरा पाऊस कॅमेऱ्यात दिसतच नाही. थेंबांच्या मागून दिवा मारावा लागतो, आणि भर पावसातही टँकरचं पाणी लागतं कारण त्याचा थेंब जाड असतो. छत्र्यांवरच्या आवाजात संवाद बुडतात, ते नंतर डब करायचे.

‘तुंबाडचे खोत’ चित्रपटात कोंबू नये. चार पिढ्या आणि दोन खंड. पाऊण तासाचे दहा भाग धरले तर साडेचारशे मिनिटं मिळतात, तेवढी हवीतच. ‘कोसला’ मला प्रिय आहे, पण तिची मजा पांडुरंगाच्या ‘वगैरे’त आणि ‘उदाहरणार्थ’मध्ये आहे. कॅमेऱ्याला वगैरे म्हणता येत नाही.

हक्कांचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून सगळे ते शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. प्रकाशकाकडे बऱ्याचदा फक्त छापण्याचे हक्क असतात. त्याचा होकार म्हणजे परवानगी नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. एका वर्षात हक्क वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो परत जातो. पटकथा, पैसा, कलाकार जमवण्यातच दोन वर्षं जातात, तेव्हा हे कलम आधी बघा.

अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या कादंबऱ्या १ जानेवारी २०३० ला मोकळ्या होतील. हरिभाऊ आपटे तर कधीच मोकळे झाले आहेत. म्हणून शाळेतल्या आताच्या मुलांना दहा मिनिटांची फिल्म करायची असेल तर ‘पण लक्षात कोण घेतो’मधलं यमूचं केशवपन घ्या, कुणाची परवानगी लागणार नाही. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याची माजघरातली खोली, तीन पात्रं, पितळी तपेली. वस्तरा दाखवू नका. दगडावर तो परजल्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, मोबाइल दगडापासून वीतभर अंतरावर धरून, पंखा बंद ठेवून. कॅमेरा दाराबाहेर उभ्या असलेल्या लहान मुलीच्या चेहऱ्यावर ठेवा, आणि संवाद लिहायचा मोह झाला तर आधी ते दृश्य मुकं घेऊन बघा.