पश्चिमेकडचा गुलमोहर

मुलुंड पूर्वेच्या आमच्या तीन मजली इमारतीच्या पश्चिमेला, भिंतीपासून जेमतेम बारा फुटांवर, एक गुलमोहर उभा आहे. 1982 मध्ये घरांचा ताबा मिळाला त्याच पावसाळ्यात बाबांनी आणि तळमजल्यावरच्या काकांनी मिळून तो लावला, असे आई सांगते. आता त्याच्या फांद्या गच्चीच्या कठड्याला लागतात. तो काढावा की ठेवावा, हा प्रश्न गेली तीन वर्षे आमच्या वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात येतो, आणि तोवर चहा आलेला असल्यामुळे पुढच्या सभेवर जातो.

मी पहिल्यापासून ‘ठेवावा’ या बाजूचा. दुपारी दोननंतरचे सारे ऊन ज्या भिंतीवर पडते, त्या भिंतीआड आमच्या झोपायच्या खोल्या आहेत, आणि मे महिन्यात तिथे बसवते ते या झाडामुळेच. (फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमके ऊन तापू लागते तेव्हा, गुलमोहराची पाने झडलेली असतात, हे आमच्या बाजूच्या कोणीही सभेत कबूल केलेले नाही.) शिवाय लहानपणी त्याच्या फुलातील चार तांबड्या पाकळ्यांमधली ती पाचवी, पांढरट ठिपक्यांची पाकळी वेगळी काढून खाणे आणि पुंकेसर एकमेकांत अडकवून कोणाचे डोके आधी तुटते ते पाहणे, यात आमच्या सुट्ट्या गेल्या, अशा माणसाकडून तटस्थपणाची अपेक्षा करणे कठीणच होते.

माझा हुकमी मुद्दा मात्र भावनेचा नव्हता. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटरपर्यंत पोहोचला, शहरभर शेकड्यांनी झाडे उन्मळून पडली, आणि आमच्या गुलमोहराची एक मधली फांदी तेवढी मोडली. जे झाड त्या वाऱ्यात टिकले ते साध्या पावसाळ्यात कसे पडेल, असे मी दर सभेत विचारत असे आणि त्यावर कोणाकडेही उत्तर नसे.

यंदा एप्रिलमध्ये एका दुपारी वाऱ्याचा मागमूस नसताना एक फांदी खाली उभ्या असलेल्या मोटारीवर पडली, तेव्हा सभेची वाट न पाहता आम्ही एका वृक्षतज्ज्ञांना बोलावले. त्यांनी लाकडी हातोडीने खोडावर कमरेच्या उंचीपर्यंत गोल फिरून ठोके दिले. पूर्वेच्या बाजूला आवाज भरीव येत होता, उत्तरेला मात्र घागरीवर टिचकी मारावी तसा. खोड पोकळ आहे म्हटल्यावर आमच्यातील ‘काढा’वाल्यांचे चेहरे उजळले, पण त्या गृहस्थांनी त्याला फारसे महत्त्व दिले नाही. झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो, गाभा मेलेलाच असतो, आणि बाहेरचे कवच पुरेसे जाड असेल तर पोकळ खोडही नळीसारखे वारा सोसते, असे त्यांनी सांगितले.

मग ते पश्चिमेच्या बाजूला उकिडवे बसले आणि खोडालगतचे चार पेव्हर ब्लॉक काढायला लावले. बुंध्याला, जमिनीला चिकटून, तपकिरी रंगाची, वरून लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत आणि कडेला पांढरी अशी तळव्याएवढी अळंबी उगवलेली होती. ती गॅनोडर्मा, म्हणजे मुळे कुजत असल्याची खूण. त्यांनी लोखंडी सळई टोचली, तर ती मुळात सुरी लोण्यात जावी तशी गेली. ‘इथे कधी खोदकाम झाले होते का?’ एवढाच प्रश्न त्यांनी विचारला.

झाले होते. डिसेंबर 2023 मध्ये भूमिगत टाकीपासून नवी जलवाहिनी टाकताना आम्हीच तिथून चर खणला होता, आणि आड आलेली मनगटाएवढी तीन मुळे कंत्राटदाराच्या माणसांनी कापली तेव्हा त्या चराच्या काठावर मी उभा होतो. आपल्याकडे पावसाळ्यातले वारे पश्चिम आणि नैऋत्येकडून येतात. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळे झाडाला दोरासारखी मागे ओढून धरतात. गुलमोहराची मुळे मुळातच उथळ, त्यात पावसाने माती भिजली की तिची पकड सुटते. आमच्या झाडाचे नेमके तेच दोर तुटलेले, कापलेल्या तोंडांतून कूज आत शिरलेली, आणि ते पडले तर पडणार पूर्वेला, म्हणजे इमारतीवर. तौक्तेत टिकलेले झाड चर खणण्यापूर्वीचे होते. माझ्या मुद्द्याचे उत्तर मीच पुरून त्यावर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते.

फांद्या छाटून भार कमी करता येईल का, हेही विचारून पाहिले. मुळांची कूज छाटणीने थांबत नाही, आणि शेंडे खुडले की फुटणारे नवे धुमारे वरवरच चिकटलेले असल्याने आणखी सहज मोडतात. खालची मोटारींची जागा हलवता येते. इमारत हलवता येत नाही.

गेल्या आठवड्यात महानगरपालिकेच्या उद्यान विभागात देण्यासाठीच्या अर्जावर सचिव या नात्याने मी सही केली. 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावी लागतात. आमची संख्या येते 43. आवारात मोजून पाहिले तर दोन खड्ड्यांपुरती जागा निघाली. बाकीच्यांसाठी जागा शोधणे आता आमच्याकडे लागले आहे. त्या दोनांपैकी एक ताम्हण असावा असे ठरले आहे, तोही जलवाहिनीपासून दूर, आणि बुंध्याभोवती चारही बाजूंनी माती उघडी ठेवून.

आईला हे सांगायला मी दोन दिवस लावले. तिने ऐकून घेतले, खिडकीशी जाऊन थोडा वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, ‘मग जाड पडदे आत्ताच शिवायला टाक. दिवाळीच्या आधी शिंप्याला वेळ नसतो.’